रहाट: सोळा थ्रेडच्या प्रोसेसरच्या नोंदी

९ जून २०२५

प्रकल्पाचा विषय पक्का झाला: सोळा थ्रेड आळीपाळीने चालवणारा प्रोसेसर बांधायचा. थ्रेड म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची एक स्वतंत्र मालिका. मार्गदर्शक मॅडमनी शेवटी होकार दिला, तोही एका अटीवर: रोज नाही तरी जेव्हा काही कळेल तेव्हा वहीत लिहायचं. म्हणून ही वही.

सुरुवात लॅपटॉपवरच्या एका साध्या चाचणीपासून झाली होती. मेमरीत लाखो नोंदी विखरून ठेवायच्या. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता. एक वाचली की मगच दुसरी कुठे आहे ते कळतं. अंकगणित काहीच नाही, तरी प्रोसेसर रखडतो. डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, उत्तर यायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे आजच्या प्रोसेसरची शेकडो चक्रं. त्यात कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, मदतही नाही. चार बाइट हवे असतात आणि कॅश चौसष्ट बाइटची ओळ उचलून आणते. साठ बाइट फुकट आले आणि फुकट गेले. ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा), विरळ मॅट्रिक्स, मोठ्या हॅश टेबलातला शोध, सगळीकडे हीच गत, कारण पुढचा पत्ता काय असेल ते डेटा ठरवतो, प्रोग्रॅम नाही.

यावरचा जुना उपाय मला फार आवडतो. उत्तर लवकर आणण्याच्या मागे लागायचंच नाही. एक थ्रेड वाट बघतोय तर दुसऱ्याला पुढे करायचं, तो अडला की तिसऱ्याला, आणि हे सगळं हार्डवेअरने करायचं, दर चक्राला, ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता. १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्ये इनपुट-आउटपुट सांभाळणारे दहा छोटे प्रोसेसर एकच गणनयंत्रणा आळीपाळीने वापरत. पुढे बर्टन स्मिथ यांनी ही कल्पना मुख्य प्रोसेसरमध्ये आणली: आधी डेनेलकॉर कंपनीचं हेप, मग टेरा कंपनीचं एमटीए. एमटीएचा पहिला संच १९९८ मध्ये सॅन डिएगोच्या सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये बसला. एका प्रोसेसरवर १२८ थ्रेड, आणि डेटासाठी कॅश नाहीच.

इंग्रजीत अशा प्रोसेसरला पिंपाचं नाव आहे, बॅरल प्रोसेसर. मला मात्र गुहागरचा आजोबांचा रहाट आठवतो. गाडग्यांची माळ फिरत असते; एक गाडगं खाली बुडत असतं तेव्हा दुसरं वर ओतत असतं. एक गाडगं वर यायला लागणारा वेळ काही कमी होत नाही, पण पन्हळीत पाणी सतत पडत राहतं. प्रकल्पाचं नाव रहाट.

१४ जून

बोर्ड ठरला: आर्टी ए७-१००टी. त्यावरच्या एफपीजीएत, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये, ६३,४०० लुकअप टेबल (लॉजिकचे छोटे तुकडे) आहेत, ४,८६० किलोबिट ब्लॉक रॅम (चिपच्या आतली मेमरी), आणि बाहेर २५६ मेगाबाइट डीडीआर३ डीरॅम. मेमरीचा डेटामार्ग सोळा बिटचा. मेमरी कंट्रोलर आमच्या बाजूला ८३.३३ मेगाहर्ट्झवर चालतो, तेव्हा कोअरही त्याच घड्याळावर चालवायचा. दोन घड्याळांची सांधेजोड करत बसायला वेळ नाही.

कोअर रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचाचा, ३२ बिट, फक्त मूळ आज्ञा. सहा टप्प्यांची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक आज्ञा सहा टप्प्यांतून एकेक चक्राने पुढे सरकते. एका थ्रेडची एका वेळी एकच आज्ञा पाइपलाइनमध्ये असेल. हा नियम एकदा घातला की बऱ्याच कटकटी आपोआप मिटतात. मागच्या आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेला मधूनच पोचवण्याची वायरिंग नको, ब्रांचचा, म्हणजे प्रोग्रॅम पुढे कुठे वळेल याचा, अंदाज नको. बदल्यात किमान सहा थ्रेड तयार असल्याशिवाय पाइपलाइन भरत नाही. एमटीएची पाइपलाइन एकवीस टप्प्यांची होती, तिथे एकट्या थ्रेडला दर एकवीस चक्रांना एकदाच संधी मिळायची. एकट्या थ्रेडला असं यंत्र संथच वाटणार; ते त्याच्यासाठी बांधलेलंच नाही.

रजिस्टरांचा हिशेब केला तेव्हा बरं वाटलं. ३२ रजिस्टर, प्रत्येकी ३२ बिट, १६ थ्रेड: १६,३८४ बिट. एका अठरा किलोबिटच्या ब्लॉक रॅममध्ये बसतात. एका चक्रात दोन रजिस्टर वाचावी लागतात म्हणून तोच मजकूर दोन ब्लॉकमध्ये ठेवायचा. सोळा थ्रेडची सगळी ‘आठवण’ दोन छोट्या ब्लॉकमध्ये! इथे थ्रेड खरंच स्वस्त आहेत.

२६ जून

गुरुवार, दुपारी वीज नाही. सिंथेसिसचा (लिहिलेल्या रचनेचं सर्किट बनवण्याचा) रन अर्ध्यावर गेला. कागदावर हिशेब केला.

लिटलचा नियम: दर चक्राला एक उत्तर हवं असेल आणि एक उत्तर यायला ३० चक्रं लागत असतील, तर कुठल्याही क्षणी ३० विनंत्या वाटेत असल्या पाहिजेत. आमच्या प्रत्येक थ्रेडची एकच विनंती वाटेत असू शकते, म्हणजे सोळा थ्रेडना जास्तीत जास्त अर्ध्याहून थोडं अधिक गाठता येईल. एमटीएमध्ये प्रत्येक आज्ञेत तीन बिटांची एक चिठ्ठी असायची, ‘पुढच्या इतक्या आज्ञा माझ्या उत्तरावर अवलंबून नाहीत’ अशी. त्यामुळे एकच थ्रेड आठापर्यंत विनंत्या पाठवून ठेवू शकायचा. ती चिठ्ठी कंपायलर लिहायचा. आमच्याकडे तसा कंपायलर नाही, म्हणून ते सोडलं.

११ जुलै

बोर्डावर पहिल्यांदा सोळाही थ्रेड फिरले! एलईडीच्या चार दिव्यांवर थ्रेड क्रमांक दाखवला होता. अर्थात डोळ्यांना चारही दिवे फक्त मंद पेटलेले दिसतात. तरी बराच वेळ बघत बसलो.

मग साखळीची चाचणी लावली. प्रत्येक थ्रेडची स्वतःची साखळी, सगळ्या साखळ्या मिळून सोळा मेगाबाइट जागेत विखुरलेल्या. दर सेकंदाला किती दुवे ओलांडले ते मोजायचं. एक थ्रेड: २८ लाख. दोन: ५६ लाख. चार: १ कोटी ११ लाख. हिशेब ८३.३३ भागिले ३० म्हणजे २.७८ दशलक्ष, तंतोतंत जुळतोय.

आठ थ्रेड: १ कोटी ६३ लाख. सोळा: १ कोटी ६६ लाख.

आठानंतर काहीच नाही. सिम्युलेशनमध्ये सोळाला साडेचार कोटींच्या जवळ जात होतं.

१६ जुलै

पाच दिवस कोअरमध्ये चूक शोधली. थ्रेड निवडणारं सर्किट पुन्हा लिहिलं. तयार थ्रेड असूनही एखादं चक्र रिकामं जातंय का ते मोजायला काउंटर घातला. एकही जात नाही. तेरा-चौदा थ्रेड सतत मेमरीच्या उत्तराची वाट बघत उभे आहेत, म्हणून निवडायलाच कोणी नाही.

संध्याकाळी मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी कोअरकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “अरे, सोळा जण खिडकीवर उभे आहेत हे कळलं. खिडक्या किती उघड्या आहेत?”

१७ जुलै

एकच.

डीडीआर३ च्या चिपमध्ये आठ बँक असतात. एका बँकेत एका वेळी एकच ओळ उघडी असते. दुसऱ्या ओळीतलं काही हवं असेल तर आधीची बंद करायची, नवी उघडायची, मग वाचायचं. या फेऱ्याला पन्नास नॅनोसेकंदांच्या जवळपास वेळ लागतो आणि त्या बँकेला तोवर दुसरं काही करता येत नाही. आठही बँका मात्र आपापल्या परीने एकाच वेळी कामात राहू शकतात.

कंट्रोलर जुळवताना पत्त्याचे बिट कसे वाटायचे ते विचारलं होतं: बँक-ओळ-स्तंभ, की ओळ-बँक-स्तंभ. मी पहिला पर्याय निवडून पुढे गेलो होतो. त्यात पत्त्याचे सर्वांत वरचे तीन बिट बँक ठरवतात. २५६ मेगाबाइटचे आठ भाग, प्रत्येकी ३२ मेगाबाइटचा सलग तुकडा म्हणजे एक बँक. आणि माझ्या साखळ्या सोळा मेगाबाइटच्या. सगळ्याच्या सगळ्या पहिल्या बँकेत! सोळा थ्रेड एकाच दारात रांगेत, बाकीची सात दारं सताड उघडी.

आकडाही जुळला. कंट्रोलरचा वेळ धरून एका बँकेचा फेरा आमच्या घड्याळाने पाच चक्रांचा. ८३.३३ भागिले ५ म्हणजे १६.६७ दशलक्ष, आणि मोजलं होतं १ कोटी ६६ लाख. आकडा पाच दिवस समोर होता.

सिम्युलेशनला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे मी ‘मेमरी’ म्हणून तीस चक्रांनी उत्तर देणारी एक पेटी ठेवली होती. कितीही विनंत्या पाठवा, प्रत्येकीला तीस चक्रांनी उत्तर. बँका नाहीतच.

आजोबा उन्हाळ्यात रहाट थांबवून विहिरीत डोकावायचे ते आठवलं. झऱ्यांतून जेवढं पाणी भरतंय त्याहून जास्त गाडगी काय वर आणणार? मी महिनाभर माळेला गाडगी बांधत होतो आणि विहिरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

१९ जुलै

बिटांचा क्रम बदलला, ओळ-बँक-स्तंभ. आता दर दोन किलोबाइटनंतर बँक बदलते. कोअरमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. सोळा थ्रेडना ३ कोटी १० लाख!

सोळा गुणिले २.७८, म्हणजे ४ कोटी ४४ लाख का नाहीत? सोळा विनंत्या आठ बँकांवर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पडतात. कुठे तीन-चार एकत्र येतात, कुठे एकही नाही. शिवाय आमचा कंट्रोलर वाचनाची उत्तरं मागितलेल्या क्रमानेच परत देतो, त्यामुळे एक विनंती अडली की मागची तयार उत्तरंही थांबतात. हे मला मान्य आहे.

रात्री एमटीएच्या रचनेबद्दल पुन्हा वाचलं. तिथे प्रोसेसरने दिलेला पत्ता मेमरीपर्यंत जाताना हॅश केला जायचा, म्हणजे सलग पत्ते मुद्दाम वेगवेगळ्या बँकांवर विखुरले जायचे. पूर्वी वाचलं तेव्हा तो तपशील मी ओलांडून गेलो होतो. कॅश असलेल्या यंत्रात शेजारचे शब्द शेजारी असावेत म्हणून धडपड चालते. इथे ते मुद्दाम लांब फेकतात. आता मला तो सगळ्या रचनेचा अर्धा भाग वाटतो. थ्रेड विनंत्या पाठवतात, पण त्या एकाच वेळी पोटात घेणारी मेमरी नसेल तर १२८ काय आणि सोळा काय.

१ ऑगस्ट

आता खरं काम: ग्राफमध्ये रुंदीने शोध, म्हणजे एका शिरोबिंदूपासून (ग्राफमधल्या बिंदूपासून) निघून आधी त्याचे शेजारी, मग त्यांचे शेजारी, असं पातळी-पातळीने. आरमॅट या यादृच्छिक पद्धतीने बनवलेला ग्राफ घेतला, ग्राफ५०० या सुपरकॉम्प्युटर चाचणीच्या ठरावीक आकड्यांनी (०.५७, ०.१९, ०.१९, ०.०५), प्रत्येक शिरोबिंदूमागे सरासरी सोळा कडा. स्केल १७: १,३१,०७२ शिरोबिंदू, २०,९७,१५२ कडा. दोन्ही दिशांनी साठवल्यावर शेजाऱ्यांची यादी बरोबर सोळा मेगाबाइटची.

एका कडेमागे आठ आज्ञा, त्यातल्या दोन मेमरीकडे जाणाऱ्या. एकट्या थ्रेडला त्यासाठी ९६ चक्रं, म्हणजे सेकंदाला ८ लाख ७० हजारांच्या आसपास कडा. सोळा थ्रेडना वरची मर्यादा आता मेमरीची नाही, कोअरचीच: कडेमागे आठ आज्ञा, दर चक्राला एक आज्ञा, तेव्हा जास्तीत जास्त १ कोटी ४ लाख.

एक प्रश्न लगेच आला. दोन थ्रेडना एकच शिरोबिंदू एकाच क्षणी ‘न पाहिलेला’ दिसला तर? दोघेही त्याचा पालक (ज्या शिरोबिंदूवरून तिथे पोचलो तो) म्हणून आपापला शिरोबिंदू लिहितात. उत्तर चुकत नाही, कारण दोघेही एकाच पातळीवरचे, कोणीही पालक चालेल. पण तो शिरोबिंदू रांगेत दोनदा जातो आणि त्याचे सगळे शेजारी दोनदा तपासले जातात.

एमटीएमध्ये मेमरीतल्या प्रत्येक ६४ बिटांच्या शब्दाला चार जादा बिट होते, त्यातला एक ‘भरलेला की रिकामा’ सांगणारा. भरलेला असेल तरच वाच आणि वाचून रिकामा कर. रिकामा असेल तरच लिही आणि भर. नाहीतर थांब. कुलूप वेगळं नाही, प्रत्येक शब्दच कुलूप. आमच्या डीडीआरमध्ये जादा बिट कुठून आणणार? पण गरज फक्त पालकांच्या यादीला आहे. १,३१,०७२ शब्दांना तेवढेच बिट, म्हणजे छत्तीस किलोबिटचे चार ब्लॉक रॅम. घातले.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. सकाळी ताई राखी बांधून गेली, तिच्यासमोरही डोक्यात हेच चालू होतं.

तीन दिवसांपासून शोध मध्येच गोठतो. कधी तिसऱ्या पातळीवर, कधी चौथ्या, कधी गोठतच नाही. आज चिपच्या आतलं लॉजिक ॲनालायझर (आतले सिग्नल टिपणारं सर्किट) लावलं आणि गोठल्यावर मेमरीकडे जाणाऱ्या रांगेतलं सगळं बाहेर काढलं. पडद्यावर सोळाही थ्रेडसमोर ‘वाट बघतोय’. रांगेच्या तोंडाशी थ्रेड ५ ची विनंती: शब्द भरलेला असेल तर वाच. शब्दाचा बिट रिकामा, म्हणून ती विनंती तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय. तो शब्द रिकामा केला होता थ्रेड २ ने, आणि तो भरणारी त्याची लिहिण्याची विनंती त्याच रांगेत तिसऱ्या क्रमांकावर. पाचला दोनची वाट, दोनला पाचची. दोन मजूर एकाच अरुंद जिन्यात समोरासमोर आल्यासारखे.

आता अडलेली विनंती रांगेत थांबत नाही. ती ‘नाही जमलं’ असं उत्तर घेऊन थ्रेडकडे परत येते आणि थ्रेड तीच आज्ञा पुढच्या पाळीला पुन्हा देतो. यात कोअरच्या काही पाळ्या वाया जातात. एमटीए पुनःप्रयत्न मेमरीच्या बाजूलाच करायचं, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर सॉफ्टवेअरला हाक मारून त्या थ्रेडला बाजूला बसवायचं. आमच्यासाठी हे पुरेसं आहे. शिवाय आधी साधं वाचन करून पाहायचं, पालक आधीच लिहिलेला असेल तर कुलपाच्या वाटेला जायचंच नाही.

रात्रभर सलग चालवलं. एकदाही गोठलं नाही.

१८ ऑगस्ट

सेकंदाला ४१ लाख कडा. १ कोटी ४ लाखांपासून फार दूर.

कारण ग्राफचा स्वभाव. आरमॅटमध्ये बहुतेक शिरोबिंदूंना मोजके शेजारी आणि थोड्यांना हजारो. तो हजारो शेजाऱ्यांचा शिरोबिंदू ज्या थ्रेडच्या वाट्याला आला तो एकटा राबत राहतो आणि बाकीचे पंधरा पातळी संपण्याची वाट बघतात. लांब यादीचे चौसष्ट-चौसष्ट कडांचे तुकडे करून वाटले. दुसरी अडचण रांगेच्या शेपटीची: प्रत्येक नवा शिरोबिंदू नोंदवायला सगळे थ्रेड एकाच शब्दावर ‘वाच आणि एक मिळव’ करतात. पुन्हा एकच दार! म्हणून प्रत्येक थ्रेडने एकदम चौसष्ट जागा राखून घ्यायच्या आणि पुढच्या पातळीचं कामही तशाच चौसष्टांच्या गठ्ठ्यांनी उचलायचं.

७६ लाख. मॅडमनी आलेखावर तारीख घालून सही केली.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. गुहागरला आहे. विहिरीवर आता पंप आहे, रहाटाचा लाकडी तुंबा पडवीत पडून आहे. आडव्या दांड्याला दोरीचे घट्टे अजून दिसतात. मोजल्या तर तेवीस खाचा.

५ सप्टेंबर

वेगळ्या जातीचा ग्राफ लावून पाहायचा होता. ओपनस्ट्रीटमॅपवरून पुण्याचे रस्ते घेतले. चौक म्हणजे शिरोबिंदू, रस्त्याचा तुकडा म्हणजे कड. इथे हजारो शेजारी कोणालाच नाहीत. तीन, फार तर चार. आरमॅटचा शोध मोजक्या पातळ्यांत संपतो. इथे शनिवारवाड्यापासून निघालो तर शेकडो पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर थोडेच चौक.

सोळा थ्रेड एकट्या थ्रेडच्या जेमतेम तिप्पट.

सकाळभर मेमरीवर संशय होता, पण काउंटर बघितले तर मेमरी मोकळी. थ्रेडही मेमरीची वाट बघत नाहीत, ते पातळी संपण्याची वाट बघतायत. एका पातळीवर साधारण दोनशे चौक आणि मी वाटतोय चौसष्टांचे गठ्ठे. दोनशेचे गठ्ठे होतात चार! चार थ्रेडना काम, बाराजण हात बांधून उभे. पंधरा दिवसांपूर्वी ज्या बदलाने वेग जवळपास दुप्पट झाला तोच इथे आडवा आलाय.

१० सप्टेंबर

गठ्ठ्याचा आकार आता ठरावीक नाही. उरलेलं काम भागिले थ्रेडसंख्येच्या चौपट, किमान एक, कमाल चौसष्ट. पातळी मोठी असेल तर मोठे गठ्ठे, संपत आली की एकेक. भागाकाराची आज्ञा कोअरमध्ये नाही, पण चौसष्टाने भागायचं असल्यामुळे सहा बिट उजवीकडे सरकवले की झालं.

रस्त्यांवर सोळा थ्रेड आता एकट्याच्या साडेसहापट. आरमॅटवर ७६ चे ७५ लाख झाले, ते चालतील.

रस्त्यांवर जो वेळ उरलाय त्यातला मोठा वाटा पातळीच्या शेवटी सोळाही जण जमण्याचा आहे. पहिल्या काही पातळ्यांत तीन-चार चौक असतात, तेव्हा काम कमी आणि जमणंच जास्त. पातळ्या न पाळता चालणारी पद्धत लिहून बघायची आहे: चौकाचं अंतर नंतर कमी सापडलं तर दुरुस्त करायचं, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. त्यात काही चौक दोन-तीनदा तपासले जातील, पण रिकामे उभे असलेले थ्रेड तरी कामाला लागतील. भरलेला-रिकामा बिट तिथे पालकाऐवजी अंतराच्या शब्दाला लावावा लागेल. ब्लॉक रॅम शिल्लक आहेत. सोमवारी सुरू.